पॅरोल की फर्लो: अर्ज कशाचा करायचा?

घरातला माणूस शिक्षा भोगत असला की नातेवाईक एकच वाक्य घेऊन येतात, ‘पॅरोलचा अर्ज लिहून द्या.’ पण महाराष्ट्रात १९५९ च्या नियमांनी रजा दोन केल्यात: फर्लो म्हणजे संचित रजा आणि पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. दोन्ही शब्दांचं मूळ कळलं की निवड बरीच सोपी होते.

फर्लो डच भाषेतून आला. तिथे ‘फेरलोफ’ म्हणजे परवानगी, सुट्टी. सैनिकाला मिळायची तशी. म्हणून फर्लोला खास कारण लागत नाही. ठरावीक शिक्षा भोगून झाली आणि वर्तणूक नीट असली की घराशी नातं तुटू नये म्हणून ती दिली जाते.

पॅरोलची कूळकथा लांबची. ग्रीक ‘पाराबोले’ म्हणजे एकाशेजारी एक ठेवणं, तुलना. त्याचा अर्थ पुढे दृष्टान्त झाला. लॅटिनमधून उतरता उतरता नुसता ‘शब्द’ उरला. फ्रेंच ‘पारोल’ आणि पोर्तुगीज ‘पालाव्रा’ एकाच घरचे. युद्धकैदी पुन्हा शस्त्र उचलणार नाही असा शब्द देऊन सुटायचा, तोच हा पारोल. आपणही ‘शब्द दिला’ म्हणतो ना? ‘अभिवचन रजा’ हे नाव ज्यानं घडवलं त्याला माझा दंडवत. मुळातलं वचन त्यानं मराठीत जसंच्या तसं आणलं.

तर पॅरोलला कारण लागतं आणि पुरावाही: घरातलं गंभीर आजारपण, मृत्यू, लग्न. आईचं ऑपरेशन असेल तर दवाखान्याचे कागद, बहिणीचं लग्न असेल तर पत्रिका. ‘दिवाळीला चार दिवस यावा’ एवढंच असेल तर फर्लो मागा. मोठा फरक दिवसांचा. फर्लोवर गेलेले दिवस सहसा शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. म्हणून फर्लो मिळण्याजोगी असताना पॅरोल मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पॅरोल अडीनडीला राखून ठेवावा.

अमेरिकेतल्या बातम्यांवरून मात्र अंदाज बांधू नका. तिथे पॅरोल म्हणजे मुदतीआधी सुटून उरलेली शिक्षा अटींवर बाहेर काढणं. आपल्याकडे परत जावंच लागतं. हजर व्हायची तारीख घरातल्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहा. चुकली तर नवा गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि पुढचा अर्ज अडतो.