ओपन एमपी सर्व्हरसाठी डेटाबेस: एसक्यूलाइट की मायएसक्यूएल?

पुण्यात घरच्या पीसीवर किंवा भाड्याच्या व्हीपीएसवर (इंटरनेटवरच्या आभासी सर्व्हरवर) ओपन एमपीचा, म्हणजे जीटीए सॅन अँड्रियास ऑनलाइन एकत्र खेळायच्या मॉडचा, सर्व्हर चालवणाऱ्या कॉलेजच्या मुलांपुढे हा प्रश्न हमखास येतो. नवा खेळाडू रजिस्टर झाला, त्याची रो (नोंदीची ओळ) टेबलमध्ये टाकायची, म्हणजेच इन्सर्ट करायची. पण कुठल्या डेटाबेसमध्ये? मित्रमंडळींपुरता सर्व्हर असेल तर खुशाल एसक्यूलाइट घ्या. तोच डेटा वेबसाइट किंवा डिस्कॉर्डचा बॉटही वापरणार असेल, तर पहिल्या दिवसापासून मायएसक्यूएल.

एसक्यूलाइटला वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. सगळा डेटा एका फाइलमध्ये राहतो आणि त्याची फंक्शन्स पॉनमध्ये (सर्व्हरच्या स्क्रिप्टची भाषा) तयारच मिळतात. अडचण एकच, पण मोठी: इन्सर्ट पूर्ण होईपर्यंत स्क्रिप्ट थांबते आणि तेवढा वेळ सगळ्यांचाच गेम थांबतो. एका रजिस्ट्रेशनला हे जाणवत नाही. प्रत्येक किल आणि चॅटची प्रत्येक ओळ वेगवेगळी टाकायला लागलात की लॅग सुरू. कारण दर कमिटला (बदल पक्का करताना) डेटा डिस्कवर खरोखर उतरल्याची खात्री केली जाते. फिरत्या हार्ड डिस्कवर सेकंदाला अशी काही डझनच ट्रान्झॅक्शन्स होतात. तेच इन्सर्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एका बिगिन-कमिटमध्ये घातले तर साध्या पीसीवरही सेकंदाला ५०,००० सहज जातात. म्हणून लॉग मेमरीत साठवा आणि थोड्या थोड्या वेळाने एकदम टाका. सर्व्हर क्रॅश झाला तर साठवलेलं जाईल, तेव्हा पैसे आणि गाड्यांची नोंद मात्र लगेच करा.

वेग वाढावा म्हणून एसक्यूलाइटचं सिंक्रोनस सेटिंग (डिस्कवर उतरल्याची हीच खात्री) ऑफ करायचा सल्ला कुणी दिला तर घरच्या पीसीवर तो मानू नका. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि नेमकं तेव्हा लिहिणं चालू असेल, तर अख्खी फाइल खराब होऊ शकते.

मायएसक्यूएलच्या प्लगिनमधलं टीक्वेरी हे फंक्शन इन्सर्टचं काम दुसऱ्या थ्रेडवर (समांतर) करतं, गेम चालूच राहतो. नव्या रोचा आयडी कॉलबॅकमध्ये (काम झाल्यावर आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) मिळतो, आणि इथेच खरी काळजी घ्यायला हवी. कॉलबॅक येईपर्यंत खेळाडू बाहेर पडलेला असू शकतो आणि त्याचा स्लॉट नंबर दुसऱ्याच कुणाला मिळालेला असू शकतो. मग एकाचं खातं दुसऱ्याला चिकटतं. प्रत्येक कनेक्शनला वाढता क्रमांक द्या, तो क्वेरीसोबत पाठवा आणि कॉलबॅकमध्ये आधी तपासा. डेटाबेस शक्यतो गेम सर्व्हरच्याच मशीनवर ठेवा आणि ३३०६ पोर्ट बाहेरून बंद करा.

चॅटचा मजकूर थेट क्वेरीत जोडणं दोन्हीकडे सारखंच घातक. एखाद्याने अवतरणचिन्ह टाइप केलं तरी क्वेरी मोडते, आणि जाणकाराच्या हाती टेबल पडतं. अशी चिन्हं निरुपद्रवी करायला एसक्यूलाइटसाठी फॉरमॅटमधलं %क्यू (%q), मायएसक्यूएलसाठी प्लगिनच्या फॉरमॅटमधलं %ई (%e) वापरा.

अजूनही ठरत नसेल तर एसक्यूलाइटने सुरुवात करा, फक्त सगळे इन्सर्ट एकाच इन्क्लूड फाइलमध्ये ठेवा. पुढे मायएसक्यूएलवर जाताना टेबलांची व्याख्या थोडी बदलावी लागेल, आणि इन्सर्टनंतर लगेच आयडी मिळतो असं धरून लिहिलेला कोड कॉलबॅकमध्ये हलवावा लागेल. जास्त वेळ या दुसऱ्या कामालाच जातो.