लालबागचं मेडिकल: चिठ्ठी खरंच वाचतात

आईला एचओसीएम आहे, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड झालाय (इकोत 19 एमएम आलं, मोठ्या माणसात साधारण 15 पासून पुढे हा आजार धरतात) आणि रक्त बाहेर पडायच्या वाटेतच अडथळा येतो. तिला ठोके हळू करणारी मेटोप्रोलॉल एक्सएल 50 ही गोळी चालू आहे. ठोके हळू पडले की हृदयाला भरायला वेळ मिळतो, अडथळाही कमी होतो.

मागे दुसऱ्या एका मेडिकलमध्ये ही गोळी संपली होती तर त्यांनी 'एएम' लिहिलेली स्ट्रिप दिली, म्हणे सेमच आहे घ्या. नशीब, आईचं बाकीचं औषध घ्यायला मी इथे आले आणि ती स्ट्रिप काउंटरवर दाखवली. मॅडमनी ती उलटी केली, मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं, बघा ह्यात अॅम्लोडिपिन 5 पण आहे, तुमच्या आईंना ही देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन लावा. लावला, आणि डॉक्टरांनीही लगेच नको म्हणून सांगितलं. बीपीला अॅम्लोडिपिन घरोघरी चालते, पण ती रक्तवाहिन्या सैल करते आणि अडथळा असलेल्या हृदयात त्याने अडथळा उलट वाढतो, चक्कर येते, माणूस पडू पण शकतो. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवतात ती नायट्रेटची गोळी, तिचंही तेच. मॅडमनी आईच्या फाइलवर दोन्ही नावं लाल पेनने लिहून दिली, मला हे फार आवडलं.

मेटोप्रोलॉल झेपत नाही त्यांना डॉक्टर व्हेरापामिल देतात असं कळलं, पण दोन्ही मनाने एकत्र घ्यायच्या नाहीत, ठोके फारच खाली जातात. मॅव्हाकॅम्टेनचंही विचारलं, ह्याच आजारावरचं नवं औषध, अमेरिकेत 2022 ला मंजूर झालेलं, तर मॅडम म्हणाल्या ते हृदयाचं पंपिंग कमी करू शकतं, सारखा इको लागतो, ते कार्डिऑलॉजिस्टशीच बोला. उगाच विकायला बघितलं नाही. एक्सएल गोळी चावायची किंवा कुटायची नाही आणि एकदम बंद करायची नाही हेही आईला समोर बसवून समजावलं.

डिस्काउंट ऑनलाइनपेक्षा कमी आहे आणि पावसात होम डिलिव्हरीला वेळ लागतो, म्हणून एक स्टार कापला. दुपारी बंद असतं, संध्याकाळी पाचनंतर जा.