बिलात नव्या डिस्क, चाकात जुन्याच: पिकअपच्या पुढच्या ब्रेकच्या कामातली फसवणूक

पिकअपच्या पुढच्या दोन्ही ब्रेक डिस्क आणि चारही व्हील बेअरिंग बदलल्याचं पूर्ण बिल मी भरलं. प्रत्यक्षात त्यातलं काहीच बदललं नव्हतं. जुन्या डिस्कना लेथ मारून, म्हणजे यंत्रावर फिरवत वरचा थर तासून, चकचकीत केलं होतं आणि जुन्याच बेअरिंगांत ताजं ग्रीस भरलं होतं. ही लबाडी बाहेरून दिसत नाही, चाक काढलं तरी पटकन कळत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. माल वाहणाऱ्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचा प्रश्न नुसत्या पैशांचा नसतो.

गाडीची तक्रार खरी होती. वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं आणि पेडल पायाखाली उसळायचं. शिवाय पुढून घरघर यायची, वेगाबरोबर वाढणारी. उजवीकडे वळताना ती मोठी व्हायची, डावीकडे वळताना दबायची. वळणावर भार बाहेरच्या चाकावर जातो, म्हणजे डाव्या चाकाचं बेअरिंग गेलेलं. गॅरेजवाल्याने जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं आणि प्ले, म्हणजे चाकाचा ढिलेपणा, मला दाखवला. निदान बरोबर होतं. आमच्या गाडीत डिस्क हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या, मागे बोल्टने आवळलेली असते आणि प्रत्येक हब दोन टेपर रोलर (निमुळत्या रोलरच्या) बेअरिंगांवर फिरतो, आत एक मोठं, बाहेर एक लहान. डिस्क बदलायची तर हब उतरवावाच लागतो. म्हणून ‘दोन्ही कामं एकदमच करून घ्या’ हा त्याचा सल्लाही योग्यच होता. पुढची सगळी फसवणूक या खऱ्या निदानाच्या आडोशाने झाली.

काम सुरू होण्याआधी त्याने सीलबंद खोकी दाखवली. होलोग्राम होते, पार्ट नंबर होते, मी फोटोही काढले. गाडी परत देताना एका पिशवीत ‘तुमची जुनी बेअरिंग’ दिली आणि जुन्या डिस्क भंगारवाला घेऊन गेला असं सांगितलं. गाडी छान चालली. चालणारच होती, कारण लेथ मारल्यावर डिस्कच्या जाडीतला चढ-उतार निघून जातो आणि थरथर थांबते. ताज्या ग्रीसने बेअरिंगचा आवाज काही काळ दबतो. नंतर भरलेली गाडी उतारावरून आणताना स्टिअरिंग पुन्हा थरथरायला लागलं. त्याहून वाईट म्हणजे वळण घेतल्यावर पहिल्यांदा ब्रेक दाबला की पेडल खोल जायचं, दुसऱ्यांदा दाबल्यावर धरायचं. बेअरिंग ढिलं असलं की वळणावर हबसोबत डिस्क कलते आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडना मागे ढकलते. मग पहिला दाब ती फट भरण्यातच जातो.

यावेळी गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याला बिल दाखवलंच नाही, फक्त तक्रार सांगितली. त्याने चाक काढलं, पॅड दाबणारा कॅलिपर सोडून तारेने वर टांगला आणि डिस्ककडे बघून विचारलं, “दादा, ही डिस्क शेवटची कधी बदललीत?”

त्याने दाखवलं ते जवळून बघण्यासारखं होतं. पॅड घासतात तो पृष्ठभाग आरशासारखा होता, पण त्यावरून नवं-जुनं ठरत नाही. टॉर्च मारून डिस्कच्या दोन पाट्यांमधल्या, हवा जाण्याच्या फटींत बघितलं तर आत गंजाचे पापुद्रे आणि वाळलेला चिखल. डिस्कच्या मधल्या, टोपीसारख्या भागावर चंदेरी रंग होता. स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर खाली तपकिरी गंज. तोच रंग चाकाचे नट ज्यांवर आवळतात त्या स्टडच्या आट्यांवर उडाला होता. कारखान्यातून रंगवून आलेल्या डिस्कचा रंग गाडीच्या स्टडवर कसा पडेल? हब उतरवल्यावर तर शंकेला जागाच राहिली नाही. डिस्क आणि हब जोडणाऱ्या बोल्टांच्या डोक्यांवर गंज, त्यावर रंग, आणि तो रंग बोल्टावरून हबवर सलग गेलेला. त्या बोल्टांना पाना लागलाच नव्हता. हब-डिस्क न सोडवता अख्खा गोळा लेथवर चढवला होता.

मग जाडी. जवळजवळ प्रत्येक डिस्कवर किमान जाडी ओतलेली किंवा कोरलेली असते, ‘मिन टीएच’ अशा अक्षरांत. आमच्या डिस्कवर ती २६ मिलिमीटर होती, रंगाखाली बुजवलेली. मायक्रोमीटरने मोजली तर डावी २४.९, उजवी २५.२. म्हणजे लेथ मारायच्या लायकीच्याही नव्हत्या. एवढी पातळ झालेली डिस्क लवकर तापते, वाकते, तडकूही शकते. पॅडही झिजलेले असले तर कॅलिपरचा पिस्टन नको तितका बाहेर येतो. भरल्या गाडीखाली ही अवस्था ज्याला माहीत होती त्याने ती रंगवून झाकली, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

बेअरिंगचीही तीच कथा. वरून स्वच्छ ग्रीस, बोटाने बाजूला केलं की खाली काळं जुनं. हबमध्ये दाबून बसवलेल्या बाहेरच्या रिंगेवर खड्डे पडलेले, नखाला लागत होते. ग्रीस अडवणारं ऑइल सीलसुद्धा जुनंच, त्याचा ओठ कडक झालेला, त्यामुळे ग्रीस आतल्या बाजूने झिरपायला लागलं होतं. ते पॅडवर गेलं असतं तर एका बाजूचा ब्रेकच गेला असता.

आणि ती पिशवी. त्यातली चारही बेअरिंग एकाच नंबरची निघाली, ३२००७. आमच्या हबमध्ये आतलं मोठं, बाहेरचं लहान. मग चारही सारखी कशी? अशा मेट्रिक बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे ०४ किंवा पुढचे असतील, तर त्यांना ५ ने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिळतो. ०७ म्हणजे ३५ मिलिमीटर. आमच्या स्टब ॲक्सलवर (हब ज्यावर फिरतो त्या दांड्यावर) आतल्या बेअरिंगच्या जागी ती चढतच नव्हती. दुसऱ्याच गाडीचं भंगार माझ्या हातात दिलं होतं.

हे काम करून घेणार असाल तर हब उतरवलेला असताना समोर उभं राहा. जुन्या डिस्कवर आणि बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगेवर रंगाच्या पेनने आधीच खूण करा आणि जुने भाग परत घेताना तीच खूण शोधा. खोक्यांच्या फोटोला अर्थ नाही. नवी डिस्क हबवर बोल्टने बसताना फोटो काढा, जाडी मोजायला लावा आणि तो आकडा बिलावर लिहून घ्या. बेअरिंग बदलताना बाहेरची रिंगही बदललीच पाहिजे, जुन्या रिंगेत नवं बेअरिंग टिकत नाही. सील आणि नट सुटू न देणारी स्प्लिट पिन नवीनच हवी. नट कसा आवळतात तेही बघा: हब फिरवत आवळायचा, ढिला करायचा, मग त्या गाडीसाठी सांगितलेल्या मापाने बसवायचा. जोर लावून तसाच सोडलेला नट नवं बेअरिंगही जाळतो. बंद हब युनिट, म्हणजे बेअरिंग आत बसवूनच येणारा हब, असलेल्या गाड्यांत रिंग बदलण्याचा आणि नट असा जुळवण्याचा प्रकार नसतो, तिथे पूर्ण युनिटच नवं दिसलं पाहिजे.

पहिल्या गॅरेजमध्ये फोटो आणि मापं घेऊन गेलो. आधी उत्तर मिळालं की नव्या डिस्कलाही लेथ मारावा लागतो. नवी डिस्क किमान जाडीच्या खाली कशी गेली, यावर उत्तर नव्हतं. मग गंजाचं कारण पुढे आलं. ओल्या हवेत नव्या डिस्कवरही रातोरात तांबूस थर येतो हे खरं आहे, पण फटींत पापुद्रे सुटायला खूप काळ जातो. शेवटी पिशवीतली बेअरिंग टेबलावर ठेवल्यावर मालकाने सुट्या भागांचे पैसे परत केले. मजुरी दिली नाही. ‘त्या डिस्क आमच्या आम्हाला आणून द्या’ अशी अटही घातली. दिल्या, पण आधी ग्राइंडरने दोन्हींना आरपार काप मारून, म्हणजे आणखी कुणाच्या गाडीवर त्या चढणार नाहीत.