'ज्युलियस सीझर' की 'कोरिओलेनस': एकच घ्यायचं तर कुठलं?

शेक्सपिअरचं रोमन राजकारणावरचं एकच नाटक वाचायचं किंवा ग्रुपमध्ये बसवायचं असेल, तर बहुतेक लोक डोळे झाकून 'ज्युलियस सीझर' सांगतात. सल्ला ठीक आहे, कारण मात्र मला पटत नाही. म्हणे दगाबाजीवरचं सगळ्यात भारी नाटक. अहो, दगा बघायचा तर 'कोरिओलेनस' कितीतरी खोल जातं. सीझर घ्यावं ते ब्रूटससाठी, एक सज्जन माणूस स्वतःचीच समजूत घालत घालत सीझरच्या खुनापर्यंत कसा पोचतो ते बघायला.

आधी थोडी माहिती. दोन्हींचं मूळ प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने लिहिलेल्या चरित्रांत आहे, थॉमस नॉर्थचं 1579 चं इंग्रजी भाषांतर शेक्सपिअरच्या हाताशी होतं. सीझर 1599 चं, त्या वर्षी 21 सप्टेंबरला थॉमस प्लॅटर नावाच्या स्विस प्रवाशाने लंडनमध्ये सीझरवरचं नाटक बघितल्याची नोंद आहे. कोरिओलेनस साधारण 1608 चं, म्हणजे 1607 मध्ये इंग्लंडच्या मधल्या भागात शेतकऱ्यांचे दंगे झाले त्यानंतर लगेचचं, आणि नाटक सुरू होतं तेच धान्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या लोकांपासून. सीझरची गोष्ट इ.स.पू. 44 ते 42 ची, प्रजासत्ताक शेवटच्या घटका मोजतंय तेव्हाची. कोरिओलेनसची त्याच्या जवळजवळ साडेचारशे वर्षं आधीची, राजे नुकतेच हाकललेत आणि सामान्य लोकांना स्वतःचे प्रतिनिधी, म्हणजे ट्रिब्यून, नव्यानेच मिळालेत.

आता दगा. सीझरमध्ये आपल्याला ब्रूटसचा वार लक्षात राहतो, पण पहिल्यांदा वाचताना कटातल्या डिसियसवर नजर ठेवा. सीझरच्या बायकोला, कॅल्पर्नियाला, स्वप्न पडलंय की सीझरच्या पुतळ्यातून रक्त वाहतंय आणि रोमन लोक हसत हसत त्यात हात बुडवतायत, म्हणून ती त्याला घरी थांबवते, तो थांबतोही, आणि तेवढ्यात हा डिसियस येतो, तेच स्वप्न उलटं लावून दाखवतो की तुमच्या रक्तातून रोमला नवं जीवन मिळणार, वर आज सिनेट तुम्हाला मुकुट देणार आहे अशी गोळी सोडतो, झालं, सीझर हरभऱ्याच्या झाडावर. ब्रूटसचा प्रकार वेगळा. तो रात्री एकटाच विचार करत बसतो आणि स्वतःच कबूल करतो की सीझरने अजून काही वाईट केलेलं नाहीये, पण मुकुट मिळाला तर करेल, म्हणून सापाचं अंडं उबायच्या आत फोडा. 'कदाचित' या एका शब्दावर माणूस मारायचं ठरतं! त्यात कटाचा सूत्रधार कॅशियसने वेगवेगळ्या हस्ताक्षरांत 'नागरिकांची' खोटी पत्रं त्याच्या घरात टाकायची व्यवस्था केलेली, ती वाचून ब्रूटसला वाटतं आख्खं रोम आपल्याला हाक मारतंय. आजचे फेक फॉरवर्ड काही वेगळे नाहीत.

कोरिओलेनसमध्ये दगा गोल फिरतो. मार्शियस हा सेनापती, कोरिओली शहर जवळजवळ एकट्याने जिंकून 'कोरिओलेनस' हा किताब मिळवतो, मग त्याला कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, व्हायचंय आणि त्यासाठी साधा झगा घालून बाजारात उभं राहून, जखमा दाखवून मतं मागायची पद्धत आहे. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय ते या सीनमध्ये बघा. मतं तर हवीत, पण मागायची लाज आणि मागतानासुद्धा टोमणे. ट्रिब्यून लोकांना भडकवतात (त्यातल्या एकाचं नावही ब्रूटसच आहे, गोंधळू नका), शहर त्याला हद्दपार करतं, तो थेट शत्रू ऑफिडियसच्या दारात जातो आणि त्याचंच सैन्य घेऊन रोमवर चालून येतो. मग आई समोर येऊन गुडघे टेकते आणि तो परत फिरतो, म्हणजे आता ज्यांच्यासोबत आला त्यांनाही फसवलं. शेवटी ऑफिडियस त्याला मारवतो. कोण कुणाचा गद्दार, सांगा? नाटकात त्याला दोनदा गद्दार म्हटलं जातं, एकदा रोममध्ये, एकदा शत्रूच्या गोटात, आणि दोन्ही वेळा त्याचा तोल सुटतो तो तिथेच.

नशिबाच्या बाबतीत दोन्ही नाटकं अगदी दोन टोकांना आहेत. सीझरमध्ये अपशकुनांचा पाऊस आहे, पंधरा मार्चला सांभाळ म्हणणारा ज्योतिषी, रस्त्यात सिंहीण, आकाशातून आग, बळीच्या जनावरात काळीजच नाही, नंतर सीझरचं भूत. तरी मला नाही वाटत की हे नाटक नशिबावर भार टाकतं, कारण शकुन खरे ठरतात पण प्रत्येक जण त्यांचा अर्थ सोयीने लावतो. कॅशियसच बघा ना, सुरुवातीला म्हणतो दोष ग्रहताऱ्यांचा नाही, आपला आहे, आणि शेवटी सीझरच्या बाजूच्या लोकांशी फिलिपायला झालेल्या लढाईआधी झेंड्यावरचे गरुड उडून कावळे-घारी आल्या म्हणून हबकतो. मग लांबून दिसलेल्या गोष्टीचा चुकीचा निरोप ऐकून जीव देतो, तोही स्वतःच्या वाढदिवसाला. कोरिओलेनसमध्ये भूत नाही, ज्योतिषी नाही, काही नाही. तिथे नशीब म्हणजे आई. वोलम्निया मुलाच्या अंगावरच्या जखमा मोजते, सत्तावीसपर्यंत आकडा जातो, आणि खूश होते! तिने घडवलेला माणूस मत मागू शकत नाही, आणि तिच्यासमोर नाहीही म्हणू शकत नाही. मला हे शकुनांपेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.

नेतृत्वाचं सांगायचं तर सीझरमध्ये तीन नमुने आहेत. स्वतः सीझर, डाव्या कानाने ऐकू येत नाही, फिट येतात, मरायच्या आधी दोन मिनिटं मी ध्रुवताऱ्यासारखा अढळ म्हणतो आणि त्याच सकाळी त्याने जायचं की नाही यावर दोनदा मत बदललेलं. ब्रूटस, ज्याचं चारित्र्य एवढं मोठं की कॅशियस दर वेळी गप्प बसतो, आणि दर वेळी कॅशियसच बरोबर असतो: सीझरचा दोस्त अँटनी, त्यालाही मारा, अँटनीला बोलू देऊ नका, फिलिपायला चालून जाऊ नका, तिन्ही ब्रूटसने उडवून लावलं. तिसरा अँटनी. भाषणात सीझरचं मृत्युपत्र फडकवून माणशी 75 द्राक्मा मिळणार म्हणून गर्दी पेटवतो आणि पुढच्या अंकात तेच पैसे कसे कापता येतील ते बघतो, वर स्वतःच्या भाच्याचं नाव मारायच्या यादीत टाकायला मान्यता देतो. भाषण सगळ्यांना पाठ, हा छोटा सीन कुणाला आठवत नाही. तो सोडू नका.

कोरिओलेनसचा प्रश्न एकच, पण टोकदार आहे. लढाईत ज्याला तोड नाही तो राज्य चालवायला लायक असतोच का? आणि लोक इथे नुसती गर्दी नाहीत. सीझरमध्ये जमाव सिना नावाच्या कवीला केवळ कटातल्या एकाचं नावही तेच आहे म्हणून मारतो, इथे मात्र एकेक नागरिक मुद्द्याचं बोलतो, की धान्याची कोठारं भरलेली आहेत आणि आम्ही उपाशी. म्हणूनच प्रत्येक बाजूला हे नाटक आपलं वाटतं. 1934 च्या सुमारास पॅरिसमध्ये याच्या प्रयोगांना लोकशाहीविरोधी प्रेक्षक टाळ्या वाजवत होते आणि पुढे जर्मन नाटककार ब्रेख्तने याच नाटकाचं डाव्या बाजूने रूपांतर केलं.

वाचायला सीझर सोपं. छोटं आहे, इंग्रजी सरळ आहे, आयसीएसई बोर्डाच्या मुलांना वेळोवेळी नेमलं गेल्याने टिपणं ढिगाने मिळतात. तोटा एवढाच की तिसऱ्या अंकानंतर वेग पडतो, तंबूतलं ब्रूटस-कॅशियसचं भांडण सोडलं तर. कोरिओलेनस लांब आहे, भाषा गाठी मारलेली, आणि नायक मनातलं जवळजवळ कधीच प्रेक्षकांना सांगत नाही, त्यामुळे पहिल्या वाचनात तो नुसता उर्मट वाटतो. धीर धरा, आई भेटायला येते तोपर्यंत तरी.

तर माझा सल्ला: शेक्सपिअर पहिल्यांदाच वाचताय किंवा सोबत कॉलेजची मुलं आहेत, तर सीझर. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन आयलंडच्या तुरुंगात एका भारतीय वंशाच्या कैद्याने शेक्सपिअरच्या पुस्तकावर दिवाळीच्या कार्डांतले देव चिकटवून ते पहारेकऱ्यांपासून वाचवलं होतं, त्यात मंडेलांनी 1977 मध्ये सही केली ती सीझरच्याच ओळींपाशी, भित्रा माणूस मरणाआधी अनेकदा मरतो त्या. अशी चटकन भिडणारी वाक्यं कोरिओलेनसमध्ये कमी. पण एखादं वाचून झालं असेल, निवडणुका बघून डोकं पिकलं असेल, किंवा ग्रुपमध्ये वोलम्निया पेलेल अशी दमदार अभिनेत्री असेल, तर दुसरा विचार न करता कोरिओलेनस घ्या. बाईंसाठी एवढी मोठी भूमिका सीझरमध्ये नाहीच, पोर्शिया दोन सीनमध्ये संपते.

आधी बघून ठरवायचं असेल तर सीझरचा 1953 चा ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा बघा, ब्रँडो अँटनी आहे, पण मला तरी जेम्स मेसनचा ब्रूटस जास्त आवडतो. कोरिओलेनसचा 2011 चा राल्फ फाइन्सचा, आजच्या कपड्यांत, टीव्ही चॅनल आणि रणगाड्यांसकट, आई व्हेनेसा रेडग्रेव्ह. त्यात संवाद बरेच कापलेत, त्यामुळे नाटक बसवायचं असेल तर नुसत्या सिनेमावर जाऊ नका, पुस्तक घ्याच.