ॲक्चुअरिअल क्षेत्रातील पहिली नोकरी: विमा कंपनी की सल्लागार संस्था?

संख्याशास्त्र, गणित किंवा वाणिज्य शाखेची पदवी मिळवून, एसीईटी ही ॲक्चुअरीच्या (विमा, निवृत्तिवेतन यांतील आर्थिक जोखीम गणिताने मोजणाऱ्या तज्ज्ञाच्या) अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा आणि त्याचे सुरुवातीचे दोन-तीन पेपर उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यापुढे भारतात मुख्यतः दोन दारे असतात. एक विमा कंपनीच्या ॲक्चुअरिअल विभागाचे आणि दुसरे सल्लागार संस्थेचे. मुंबईत बहुतेक मोठ्या आयुर्विमा कंपन्यांची मुख्यालये आहेत, पुण्यात बजाज समूहाच्या विमा कंपन्या आहेत, आणि सल्लागार संस्थांची कार्यालये प्रामुख्याने मुंबई, गुरुग्राम व बंगळूरु येथे आहेत. त्यामुळे महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला ही निवड अनेकदा घराजवळच करता येते. ती करताना पगारापेक्षा एका गोष्टीकडे आधी पाहावे, असे मला वाटते: आपण आज धरलेले गृहीतक खरे ठरले की खोटे, हे त्या नोकरीत आपल्याला कळणार आहे का?

विमा कंपनीत ते कळते. पॉलिसीची किंमत ठरवताना किती ग्राहक दुसऱ्या वर्षी हप्ता भरतील, पाचव्या वर्षापर्यंत किती टिकतील आणि मृत्युदर कोष्टकापेक्षा कमी राहील की जास्त, याचे अंदाज बांधलेले असतात. दरवर्षी प्रत्यक्ष अनुभवाशी त्यांची तुलना होते आणि फरक का पडला, याचे उत्तर अपॉइंटेड ॲक्चुअरीला, म्हणजे कंपनीने या कामासाठी नेमलेल्या जबाबदार ॲक्चुअरीला, द्यावे लागते. नवशिक्याच्या वाट्याला यातला लहानसा तुकडाच येतो, पॉलिसींची माहिती तपासणे किंवा राखीव निधीच्या आकडेमोडीतील बदल समजावून सांगणे एवढाच. पण तोच व्यवसाय पुढच्या तिमाहीत पुन्हा समोर येत असल्याने त्या तुकड्याची खोली हळूहळू उमगते. याची दुसरी बाजू अशी की, तीन वर्षांनंतरही आपल्याला एकाच कंपनीची उत्पादने आणि एकाच कंपनीची पद्धत माहीत असते.

सल्लागार संस्थेबद्दल बोलताना तिथे दोन वेगवेगळी कामे चालतात, हे आधी स्पष्ट करायला हवे, कारण मुलाखतीला जाणाऱ्या अनेकांना ते ठाऊक नसते.

पहिले काम कर्मचाऱ्यांच्या लाभांचे, म्हणजे ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे रोखीकरण आणि निवृत्तिवेतन यांचे मूल्यांकन. भारतात पहिली नोकरी बहुधा इथेच मिळते. ग्रॅच्युइटीचे सूत्र सोपे आहे: शेवटच्या मासिक वेतनाला १५ ने गुणून २६ ने भागायचे आणि आलेल्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणायचे. ५२,००० रुपये वेतनावर २० वर्षांची सेवा असेल, तर सहा लाख रुपये होतात. अवघड भाग पुढचा आहे. आज तिशीत असलेला कर्मचारी ती रक्कम मिळेपर्यंत टिकेल का, त्याचे वेतन कोणत्या दराने वाढेल आणि त्या भावी रकमेचे आजचे मूल्य सरकारी रोख्यांच्या कोणत्या परताव्याने काढायचे, हे ठरवावे लागते. नोकरी सोडण्याचे प्रमाण माहिती तंत्रज्ञान कंपनीत आणि साखर कारखान्यात सारखे धरले, तर सगळा अहवाल निरुपयोगी ठरतो. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यानुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनात धरली जाते, आणि मुदतबंद नेमणुकीवरील कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. मूळ वेतन कमी आणि भत्ते जास्त ठेवणाऱ्या कंपन्यांची देणी त्यामुळे वाढली. कायद्यातील एका व्याख्येने ताळेबंद कसा हलतो, हे अनेक ग्राहकांच्या आकड्यांतून एकाच वेळी पाहणे हे फार मोलाचे शिक्षण आहे, आणि ते एका कंपनीत बसून मिळत नाही. शिवाय ग्राहक तोच राहिला, तर पुढच्या वर्षीच्या अहवालात अनुभवामुळे झालेला नफा-तोटा वेगळा दाखवावा लागतो, त्यामुळे गृहीतकाची परीक्षा इथेही काही प्रमाणात होते. मात्र एकेका ग्राहकाला मिळणारा वेळ थोडा असतो. जन्मतारखेच्या आधीची रुजू तारीख अशा चुका शोधण्यात आणि त्यांबद्दल मनुष्यबळ विभागाला पुन्हा पुन्हा विचारण्यात बरेच दिवस जातात.

दुसरे काम विमा कंपन्यांनाच सल्ला देण्याचे आहे. त्याचे सर्वांना परिचित उदाहरण म्हणजे मे २०२२ मधील एलआयसीची भागविक्री. त्यासाठी एलआयसीचे एम्बेडेड व्हॅल्यू, म्हणजे निव्वळ मालमत्ता आणि चालू पॉलिसींतून पुढे मिळणाऱ्या नफ्याचे आजचे मूल्य यांची बेरीज, मिलिमन या सल्लागार संस्थेने काढले. ३१ मार्च २०२१ रोजी सुमारे ९५,६०० कोटी रुपये असलेला हा आकडा ३० सप्टेंबर २०२१ रोजी सुमारे ५.३९ लाख कोटींवर गेला. सहा महिन्यांत व्यवसाय पाचपट वाढला नव्हता. कायद्यातील दुरुस्तीने नफ्यात सहभागी आणि असहभागी पॉलिसींचे निधी वेगळे झाले आणि असहभागी निधीतील शिलकीवर भागधारकांचा पूर्ण हक्क आला. असे काम जवळून पाहायला मिळणे मोठे भाग्याचे असते. पण अशा चमूंत नवपदवीधरांच्या जागा मोजक्या असतात आणि तिथे निवड सहसा अधिक पेपर उत्तीर्ण झालेल्यांची होते.

परीक्षांचा विचार दोन्हीकडे करावाच लागतो. २०१९ मध्ये लागू झालेल्या अभ्यासक्रमानुसार फेलो, म्हणजे पूर्ण पात्रताप्राप्त ॲक्चुअरी, होण्यासाठी १३ पेपर उत्तीर्ण व्हावे लागतात आणि त्यासाठी नोकरीची कित्येक वर्षे खर्ची पडतात. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडियाचे एक परीक्षासत्र साधारणपणे मे-जूनच्या सुमारास येते. शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपन्यांना ३१ मार्चच्या वार्षिक निकालांसाठी ६० दिवसांची मुदत असल्याने कर्मचारी-लाभ सल्लागारांच्या कामाचा सर्वाधिक ताण एप्रिल-मेमध्येच असतो. विमा कंपनीतही वर्षअखेरीचे मूल्यांकन याच काळात चालते, परंतु तिथे किंमतनिर्धारणाच्या चमूत जागा मिळाल्यास हा ताण बराच कमी होतो.

परदेशी विमा कंपन्या आणि सल्लागार संस्थांची भारतातील सेवा केंद्रे हा तिसरा पर्याय आहे. तिथे संगणकीय प्रारूपांचा आणि विमा करारांच्या हिशेबासाठीच्या आयएफआरएस १७ सारख्या आंतरराष्ट्रीय मानकांचा चांगला सराव होतो, पण निर्णय दुसऱ्या देशात घेतले जातात.

दोन्हीकडून बोलावणे आले आणि पगारात फार अंतर नसेल, तर मी सर्वसाधारणपणे विमा कंपनीतील मूल्यांकन किंवा किंमतनिर्धारणाची जागा आधी घ्यावी असे सुचवेन. ज्याला ग्राहकाशी बोलणे, लिहून समजावणे आणि दर आठवड्याला नवा प्रश्न हाताळणे मनापासून आवडते, त्याने मात्र सल्लागार संस्थेकडे दुय्यम पर्याय म्हणून पाहू नये. तिथे जाण्याआधी मुलाखतीत तीन गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात: आपले काम कोणत्या विभागात असेल, आपला अहवाल सहीपूर्वी कोणी फेलो स्वतः तपासून त्यातील चुका आपल्याशी बसून बोलतो का, आणि मे महिन्यातील अभ्यासाची रजा गेल्या वर्षी कनिष्ठांना प्रत्यक्षात मिळाली का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शक्यतो मुलाखत घेणाऱ्याऐवजी त्याच चमूतील एखाद्या विद्यार्थी-सदस्याकडून मिळवावे.