कोथरूड ते पाषाण ई-सायकलने: मोटर, बॅटरी आणि मुख्य म्हणजे सीट

ई-सायकल बघितली की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "एका चार्जिंगमध्ये किती जाते हो?" दुसरा, "चढ चढते का?" बुडाचं काय होतं, हे कुणी विचारत नाही. मी गुढीपाडव्याला सायकल घेतली, आता दिवाळी होऊन गेली. एवढ्या महिन्यांत मोटरने कधी तक्रारीला जागा दिली नाही. दिली ती सीटने. म्हणून इथे सीटबद्दल जास्त वाचायला मिळेल. रेंज-बिंज ओघात येईलच.

माझं गणित आधी सांगते, म्हणजे तुमचं वेगळं असेल तर ताडून बघता येईल. वय पन्नाशीपुढे, उंची पाच फूट एक इंच, गुडघे कुरकुरतात पण शाबूत आहेत. घर कोथरूडला, नोकरी पाषाणला, एका बाजूचं अंतर साधारण आठ किलोमीटर. मध्ये चांदणी चौक, म्हणजे जाताना कोथरूड डेपोपासूनचा चढ आणि येताना बावधनकडून पुन्हा चढच. साध्या गिअरच्या सायकलवर हे जमत नव्हतं असं नाही, पण घामाने निथळत वर्गावर जायचं आणि फळ्याकडे तोंड करून धापा टाकायच्या, याला मर्यादा असते.

निवडताना पहिली अट कायद्याची. मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, आणि टेस्टिंग एजन्सीची मान्यता असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ते मोटार वाहन धरत नाहीत. लायसन्स नाही, नंबरप्लेट नाही, आरटीओत खेटे नाहीत. (ही मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, आमच्याच वेताळ टेकडीवर आहे. रोज तिच्या पायथ्याशी भाजी घेते.) हेल्मेट कायद्याने लागत नसलं तरी मी घालते. पौड रोडवर संध्याकाळी सहा वाजता गाडी चालवणाऱ्या कुणालाही त्याचं कारण सांगावं लागू नये. "मॅडम, वेगाचं लॉक काढून देतो, पस्तीस-चाळीसला पळेल," असं एका दुकानात ऐकवलं गेलं. तिथून बाहेर पडले. लॉक काढलेली सायकल या सवलतीत बसत नाही, आणि त्या वेगाला तिचे ब्रेकही पुरत नाहीत.

दुसरी अट फ्रेमची. मधला दांडा खाली वाकवलेला हवा, पाय मागून टाकायला लागू नये. पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स, मागे वह्यांचा गठ्ठा, यात पाय उंच टाकणं म्हणजे सर्कस. बाजारात हीरो लेक्ट्रो, आपल्या पुण्याचीच ईमोटोराड, मोटोव्होल्ट असे बरेच ब्रँड आहेत, तीस ते पंचेचाळीस हजारांत चांगल्या सायकली मिळतात. माझी कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढचं जवळजवळ सगळं यातल्या कुठल्याही सायकलला लागू पडतं.

मोटर मागच्या चाकात बसवलेली आहे. या किमतीत तशीच मिळते. सेन्सर पॅडल फिरतंय की नाही एवढंच ओळखणारा, किती जोर लावलाय ते त्याला कळत नाही. त्यामुळे पॅडल फिरवल्यावर क्षणभराने मोटर लागते आणि थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते. सिग्नलला ब्रेकवर बोट ठेवायची सवय लावून घ्या, ब्रेक दाबला की मोटर लगेच बंद होते. जोर मोजणारा सेन्सर असेल तर चालवायला फार गोड वाटतं, पण किंमत तशीच चढते. मला रोजच्या सोळा किलोमीटरसाठी तो चैनीचा वाटला.

बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवर, म्हणजे ३६० वॅट-अवर. दुकानात रेंज विचारूच नका, व्होल्ट आणि अँपिअर-अवर विचारा आणि स्वतः गुणाकार करा. पॅडल मारत मोटरची मदत घेतली तर किलोमीटरला ८ ते १० वॅट-अवर धरायचे, नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे पॅडल न मारता, १५ तरी. म्हणजे माझी सायकल पॅडलवर पस्तीस-चाळीस किलोमीटर जाते, थ्रॉटलवर पंचवीसच्या आत आटपते. जाहिरातीतला आकडा सपाट रस्ता, हलका माणूस आणि वारा पाठीशी, असा असतो. पूर्ण चार्जिंगला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज जाते, तो खर्च चहापेक्षा कमी आहे. चढावर मात्र एक पथ्य पाळते. डेपोच्या अलीकडेच गिअर हलका करून घेते आणि पाय चालू ठेवते. चाकातली मोटर फार सावकाश फिरली तर विजेची नुसती उष्णता होते. चांदणी चौकाचा चढ थ्रॉटलवर पण चढेल, पण वर पोचल्यावर मोटरला हात लावून बघा.

आता सीट.

साध्या सायकलवर आपण दाबून पॅडल मारतो तेव्हा अंगाचा बराच भार पायांवर जातो. ई-सायकलवर ढकलायचं काम मोटर करते, पाय नुसते फिरतात. मग तो भार जातो सीटवर. त्यातून या शहरी मॉडेलची हँडल उंच, पाठ ताठ, म्हणजे हातांवरही वजन नाही. साध्या सायकलवर खड्डा दिसला की माणूस नकळत बूड उचलतो. इथे वीस-बावीसच्या वेगात निवांत बसून राहायची सवय लागते आणि गतिरोधक थेट माकडहाडात येतो. म्हणून साध्या सायकलवर वर्षानुवर्षं चाललेली सीट ई-सायकलवर महिनाभरात नकोशी होते. सायकल घेताना मोटरइतकाच वेळ सीटला द्या, असं मी आता भेटेल त्याला सांगते.

कंपनीची सीट रुंद, फुगीर आणि मऊ होती. दुकानदाराने अंगठा रुतवून दाखवला, "बघा, सोफा आहे!" अंगठ्याला सोफाच वाटणार. पण बसताना आपण टेकतो ते ओटीपोटाखालच्या दोन हाडांवर. सीट फार मऊ असली की ही हाडं आत रुततात आणि मधला भाग वर येऊन नको तिथे दाबतो. पहिली दहा मिनिटं झकास, बावधन येईपर्यंत मुंग्या. शिवाय रुंद सीटच्या कडा मांडीला घासतात, उन्हाळ्यात तिथे पुरळ उठलं. वरून जेलचं कव्हर चढवून पाहिलं. मुंग्या वाढल्या आणि कव्हर इकडून तिकडे सरकत राहिलं. ते आता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर आहे, तिथे उत्तम काम देतं.

मग हाडांमधलं अंतर मोजलं. हे घरी होतं, पैसे लागत नाहीत. पार्सलच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्यायचा, जिन्याच्या पायरीवर किंवा कडक स्टुलावर ठेवायचा, पातळ सलवार किंवा चड्डीवर त्याच्यावर बसायचं. पाय जरा उंचावर टेकवायचे, किंचित पुढे वाकायचं आणि दोन्ही हातांनी स्टूल धरून स्वतःला खाली ओढायचं. अर्धा मिनिट. उठून पुठ्ठा खिडकीशी तिरका धरला की दोन खळगे दिसतात. नाहीच दिसले तर बोट फिरवा, पुठ्ठ्याच्या नाल्या चेपलेल्या कळतात. खळग्यांच्या मध्यावर पेनाने ठिपके देऊन शिंप्याच्या टेपने मोजायचं. माझं १२.५ सेंटिमीटर भरलं. त्यात बसण्याच्या पद्धतीप्रमाणे दोन ते चार मिळवायचे. पुढे झुकून चालवणाऱ्याने कमी, ताठ बसणाऱ्याने जास्त. म्हणजे मला साडेसोळाच्या आसपास रुंदी हवी. कंपनीची सीट एकवीस होती! बायकांचं हे अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे "लेडीज सीट" नावाचा प्रकार अगदीच थाप नाही. पण सरासरीवर आपलं बूड सोडू नये. आमच्या यजमानांचं माझ्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त निघालं आणि ते उगीचच खूश झाले.

नवी सीट घेतली ती दाबून बघाल तर टणक वाटेल अशी, मागे सपाट, मधोमध लांबट खाच असलेली, रुंदी १६.५. दीड हजारात आली. पहिला आठवडा हाडं दुखली. ते दुखणं वेगळं असतं, जुन्या व्यायामाला पुन्हा सुरुवात केल्यासारखं, आणि ते ओसरतं. मुंग्या मात्र सहन करू नयेत. त्या आल्या म्हणजे सीट किंवा तिचा कोन चुकलाय.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या सायकलला ब्रूक्सची चामड्याची सीट आहे. इंग्लंडची कंपनी, १८६६ पासूनची. चामडं ताणून बसवलेलं असतं आणि हळूहळू मालकाच्या हाडांचा आकार घेतं. काका तिच्याबद्दल सुनेपेक्षा प्रेमाने बोलतात. पण किंमत पाच आकडी, आणि जून ते सप्टेंबर तिला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावं लागतं. रोज उघड्यावर उभ्या राहणाऱ्या सायकलचं ते काम नाही.

सीट बदलण्याइतकाच फरक ती लावण्यात पडतो, आणि हे दुकानात कुणी करून देत नाही. दुकानातली रीत एकच, दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढी सीट खाली. मग गुडघे छातीकडे येतात आणि सगळं ओझं बुडावर. पॅडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवून पाय सरळ होतो, ती उंची बरोबर. मग सिग्नलला पुढे उतरून उभं राहावं लागतं. खाली वाकलेल्या फ्रेमचा खरा उपयोग तिथे होतो. कोन मोबाइलमधल्या लेव्हलने बघा. आधी सपाट, आणि पुढे दाब वाटला तर टोक अगदी किंचित खाली. जास्त झुकवलंत की माणूस घसरत पुढे येतो आणि स्वतःला मागे ढकलून मनगटं दुखतात. सहा नंबरची ॲलन की पर्समध्ये ठेवून मी आठवडाभर रोज थोडंथोडं हलवत होते. स्टाफरूममध्ये यावरून भरपूर चेष्टा झाली.

आणि हवा! हे मला सगळ्यात स्वस्तातलं औषध वाटतं. आपल्याकडे पंक्चरवाला टायर दगडासारखा करून देतो, त्याच्या मते तीच सेवा. माझे टायर सव्वादोन इंची आहेत, कडेवर हवेचा दाब ४० ते ६५ पीएसआय छापलाय. माझं वजन बेताचं, म्हणून मागे ४५ आणि पुढे ४० ठेवते. साठला पेव्हर ब्लॉकची प्रत्येक फट मोजता येत होती, आता खडबड निम्म्यावर आली. छापलेल्या आकड्याच्या खाली मात्र जाऊ नका, खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटून पंक्चर होते. व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखाच आहे, त्यामुळे पेट्रोलपंपावरही हवा भरता येते.

पंक्चरचा विषय निघालाच आहे तर, मागच्या चाकात मोटर असल्यामुळे बरेच जण हात लावत नाहीत. "ताई, वायर आहे त्यात, कंपनीत न्या," म्हणतात. चाक काढायची गरजच नसते. एका बाजूने टायर सोडवायचा, ट्यूब ओढून बाहेर काढायची, तिथेच पॅच मारायचा. हे मी आमच्या चौकातल्या भाऊंना एकदा समजावलं, आता ते इतरांना समजावतात.

शेवटी स्प्रिंगचा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची नळी, बसवला. जुन्या नळीच्या खालच्या टोकाला जाडी कोरलेली असते, माझी २७.२ मिलिमीटर. तीच जाडी घ्यावी लागते, मिलिमीटरचा अंशही चालत नाही. स्प्रिंग किती कडक हवी ते खालच्या टोकाच्या स्क्रूने ठरतं, नुसतं बसल्यावर थोडीशी दबली पाहिजे. आलेली असते ती ऐंशी किलोच्या माणसाला धरून. मी स्क्रू बराच सैल केला तेव्हा कुठे ती हलायला लागली. स्क्रू नळीच्या टोकाबाहेर येऊ द्यायचा नाही, आणि नळी तिच्यावरच्या खुणेपर्यंत फ्रेममध्ये गेलीच पाहिजे. बसल्यावर सीट खाली जाते म्हणून उंची सेंटिमीटरभर वाढवून ठेवली. बारीक थरथर याने जात नाही, ती हवेनेच जाते. गतिरोधक आणि खड्डे मात्र खूप सुसह्य झाले.

पावसाळ्यात त्याने रंग दाखवला. मागच्या चाकाचा चिखल नळीवर उडतो, सांध्यात जातो, आणि ऑगस्टपर्यंत पोस्ट करकरायला लागला. उघडून पुसून ग्रीस लावलं, आवाज गेला, पण आता सीट डावीउजवीकडे किंचित हलते. चालवताना जाणवत नाही, हाताने हलवलं की कळतं. या प्रकारच्या पोस्टचं हे ठरलेलं दुखणं आहे. दुसरा प्रकार चार दांड्यांच्या चौकटीवर मागे-खाली झुलणारा असतो. तो महाग, पण अडकत नाही आणि छोट्या धक्क्यांनाही दाद देतो. तो घ्यायचं मनात आहे. अडचण उंचीची आहे. त्याची यंत्रणा सगळी फ्रेमच्या वर राहते आणि माझी सीट मुळातच खाली असते. पाच-एकच्या आसपास उंची असलेल्या कुणी बसवला असेल तर फ्रेमच्या तोंडापासून सीटखालच्या पट्टीपर्यंत किती सेंटिमीटर जागा लागली, तेवढं मोजून सांगा.