रिव्हास्टिग्मिनचा पॅच: विदर्भाच्या उन्हाळ्यात वापरताना

आबाजी दिवस कलला की दार बडवतात, सुनेच्या अंगावर धावतात, म्हणून हा कातडीवर चिकटवायचा औषधाचा पॅच आणायचा असेल तर थांबा. हे चिडचिडीवरचं औषध नाही. अल्झायमर आणि पार्किन्सनमधल्या स्मृतिभ्रंशासाठी ते देतात. स्मरणशक्ती थोडी सावरते, त्यासोबत चिडचिड उतरली तर तो वरचा नफा. आदळआपट एकाएकी वाढली असेल तर आधी लघवीतला संसर्ग, तुंबलेला कोठा, अंगदुखी आणि कमी पडलेलं पाणी तपासून घ्या.

गोळी थुंकणाऱ्या माणसासाठी मात्र पॅच खरंच सोयीचा. मोठ्या चाचणीत 9.5 मिलिग्रॅमच्या पॅचने मळमळ-उलटी याच औषधाच्या कॅप्सूलच्या सुमारे एक तृतीयांशच दिसली. सुरुवात रोज 4.6 मिलिग्रॅमची, किमान 4 आठवडे सोसली, तरच डॉक्टर 9.5 वर नेतात.

खरी अडचण चिकटण्याची. आंघोळीनंतर खोबरेल तेल चोळायची सवय असते, आणि तेलावर, पावडरवर किंवा मे महिन्यातल्या घामावर पॅच बसत नाही. अंग कोरडं करा, कूलरसमोर घाम जिरू द्या, मग तळहाताने 30 सेकंद दाबून धरा. जागा पाठीवर, दोन खांद्यांच्या मधली: तिथे रुग्णाचा हात पोचत नाही, नाहीतर तो ओरबाडून काढतो. तीच जागा 14 दिवस पुन्हा नको, कातडी लाल होते. कॅलेंडरवर रोज ‘उजवीकडे वर’, ‘डावीकडे खाली’ असं लिहून ठेवा. पॅच असताना अंगणात उन्हात बाज टाकून बसवू नका. तापलेल्या कातडीतून औषध जास्त शिरू शकतं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे जुना न काढता नवा लावणं. सकाळी मुलगा लावतो, दुपारी लेक. पॅच बदलायचं काम घरात एकाकडेच हवं. काढलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडा, लेकरांच्या हाती लागू देऊ नका आणि हात साबणाने धुवा. 3 दिवसांहून जास्त खंड पडला तर परस्पर 9.5 लावू नका, डॉक्टरांना विचारून 4.6 पासून पुन्हा चढायचं.

उलट्या झाल्या की गावात मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन सर्रास देतात. या पॅचसोबत ते टाळायचं, हातपाय ताठरू शकतात. रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉल चालू असेल तर नाडी फार मंदावू शकते, चक्कर येऊन माणूस पडू शकतो. म्हणून पॅचचं रिकामं पाकीट प्रत्येक डॉक्टरला दाखवा.